पातळ नमुन्यात नीट चालणारी स्पायरल चिप दाट नमुन्यात का बिघडते

"मॅडम, चिप गेली."

महिन्यातून दोनदा तरी हे ऐकू येतं. चिप म्हणजे गोल वळणांच्या बारीक वाटेतून पाणी सोडून लहान-मोठे कण वेगळे करणारी पट्टी: मोठे आतल्या भिंतीशी रेषेत जमून आतल्या आउटलेटने निघायला हवेत, बारके बहुतेक बाहेरच्याने. या वेळी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होती. तिने तोवर तीन चिप डब्यात टाकल्या होत्या आणि चौथी हातात होती. तक्रार नेहमीचीच. आदल्या दिवशी १५ मायक्रॉनच्या बीड्सची (प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांची) रेषा आतल्या भिंतीशी सुईच्या टोकासारखी बारीक दिसत होती. आज तोच पंप, तोच वेग, तेच डिझाइन, पण रेषेचा पट्टा झालेला. मोठे बीड्स बाहेरच्या आउटलेटमध्ये सापडताहेत आणि आतल्यात ६ मायक्रॉनचे बारके भरपूर.

मी विचारलं, "नमुना किती दाट घेतलास?"

"काल एक लाख होता. आज वेळ वाचावा म्हणून दहा लाख घेतला. मिलीला फक्त दहा लाखच आहे ना मॅडम, आकारमानाने तर पाव टक्काही भरत नाही."

तिचा हिशोब बरोबर होता. १५ मायक्रॉनचे दहा लाख बीड्स एका मिलीत टाकले तर ते ०.१८ टक्के जागा घेतात. बाटलीत पाहिलं तर जवळजवळ पाणीच. तरीही बिघाड तिथेच होता, आणि कागदावर तो दिसत नाही म्हणूनच इतके जण त्यात फसतात.

आधी चिपची ओळख करून देते, कारण पुढचे आकडे तिच्यावरच बेतलेले आहेत. पीडीएमएसची (सिलिकॉन रबराची) स्पायरल, चॅनेल ५०० मायक्रॉन रुंद, १५० मायक्रॉन उंच, वळणाची त्रिज्या सुमारे १ सेंटिमीटर. एक इनलेट, दोन आउटलेट. आतलं आउटलेट एकूण प्रवाहाचा साधारण पाचवा हिस्सा घेतं. मिनिटाला १.५ मिली सोडलं की पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला ३३ सेंटिमीटर येतो, रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा जोर चिकटपणाच्या किती पट ते) ७७ च्या आसपास आणि डीन अंक (वळणामुळे पाणी किती आडवं फिरतं ते) ८ च्या आसपास. वळणावर पाणी आडवंही फिरतं. त्याचं गणित डब्ल्यू. आर. डीन यांनी १९२७ मध्ये मांडलं. कण प्रवाहात आपोआप ठरावीक जागी जाऊन बसतात हे सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी १९६१ मध्ये गोल नळीत दाखवलं. तिथे कण मध्यापासून त्रिज्येच्या ०.६ पट अंतरावर कड्यासारखे जमत होते. स्पायरलमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. कणाचा व्यास चॅनेलच्या लहान बाजूच्या ०.०७ पट किंवा त्याहून मोठा असला तर तो फोकस होतो, म्हणजे रेषेत जमतो, असा ढोबळ नियम आहे. आमच्या चिपसाठी ही सीमा १०.५ मायक्रॉनवर येते. १५ चे रेषेत बसतात, ६ चे डीनच्या भोवऱ्यात फिरत रुंदीभर पसरतात.

आता या सगळ्या सूत्रांमधली गोम. ही सूत्रं एकट्या कणाची आहेत. चॅनेलमध्ये तो एकटाच धावतोय, शेजारी कुणी नाही, असं धरून ती काढलेली आहेत.

मी तिला कागदावर एवढंच करायला लावलं. चॅनेलचा एक सेंटिमीटर तुकडा घे. त्यात पाणी किती मावतं? ०.७५ मायक्रोलिटर. दहा लाख प्रति मिली या हिशोबाने त्यात बीड्स किती? ७५०. आता हे ७५० बीड्स तुला एका रेषेत बसवायचेत. प्रत्येकाचा व्यास १५ मायक्रॉन, म्हणजे एकाला एक चिकटून ठेवले तरी रांग सव्वाअकरा मिलिमीटर लांब. आणि जागा आहे दहा मिलिमीटर.

ती हसली. रांग मावतच नव्हती.

ही अडचण चिपनेच तयार केलेली असते. बाटलीत त्या बीड्समध्ये सरासरी १०० मायक्रॉन अंतर होतं, सगळे ऐसपैस. फोकस करणं म्हणजे पूर्ण रुंदीभर विखुरलेल्यांना एका ओळीत आणणं. म्हणजे जितकं चांगलं फोकस, तितकी जास्त गर्दी. लोकल रिकामी आहे, पण सगळ्यांना एकाच दारातून उतरायचंय, असा हा प्रकार. आकारमानाची टक्केवारी इथे काही कामाची नाही. मोजायचा तो रांगेचा भराव: प्रति मिली संख्या गुणिले चॅनेलचा छेद गुणिले कणाचा व्यास. आमच्या चिपमध्ये एक लाखाला तो ११ टक्के येतो, दहा लाखाला ११२ टक्के.

मग किती चालतं? सरळ चॅनेलमध्ये रांगेत धावणारे कण एकमेकांपासून ठरावीक अंतर राखतात, हे डी कार्लो यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं. एका कणाने ढकललेलं पाणी भिंतीमुळे उलटं वळतं आणि शेजाऱ्याला मागे रेटतं. हे अंतर साधारणपणे व्यासाच्या अडीच ते पाच पट असतं. पाच पट धरलं तर रांगेचा भराव २० टक्के, अडीच पट धरलं तर ४०. म्हणून मी सांगते की वीसपर्यंत निर्धास्त, चाळीसपर्यंत बघत बघत, त्यापुढे पट्टा फाकला तर चिपला दोष देऊ नका. वरून एकच दिसणारी रेषा कधी कधी वर-खाली अशा दोन रांगांची असते, त्यामुळे थोडी सवलत मिळते. पण दोन रांगा धरल्या तरी दहा लाखाला भराव ५६ टक्के येतो.

पहिली चाचणी: दहा पट पातळ करा

चिप बदलण्याआधी, पंप उघडण्याआधी, डिझाइनची फाइल तपासण्याआधी हे करा. तोच नमुना, त्याच बफरमध्ये (कण ज्या द्रावणात आहेत त्यात) दहा पट पातळ, तोच वेग, तीच चिप. पाच मिनिटांचं काम आहे.

रेषा परत बारीक झाली, तर बिघाड कणांच्या एकमेकांवरच्या परिणामाचा आहे हे नक्की. नाही झाली, तर मात्र चिप आणि पंपाकडे वळा. पीडीएमएस मऊ असतं, दाबाखाली चॅनेल फुगतं आणि १५० ची उंची १५० राहत नाही. सिरिंज पंपाचे झटके असतात. इनलेटजवळ बुडबुडा अडकलेला असतो. हे सगळे बिघाड नमुना पातळ असो की दाट, सारखेच दिसतात, म्हणून ही चाचणी दोन्ही गोष्टी वेगळ्या काढते.

एक पथ्य पाळा: पातळ करताना बफर बदलू नका. एकाने पीबीएसमधला (खारट बफरमधला) नमुना डिस्टिल्ड वॉटरने पातळ केला, रेषा सुधारली, आणि कारण गर्दी होती की मीठ, हे काही कळेना. सगळं पुन्हा करावं लागलं.

दाटपणा ठीक, तरी बारके आतल्या आउटलेटमध्ये

याची पायरी वेगळी आहे आणि ती मायक्रोस्कोपखाली दिसते. नमुन्याचा एक थेंब स्लाइडवर घ्या, कव्हर स्लिप ठेवा, २० एक्स लावा. ६ मायक्रॉनच्या बीड्समध्ये जोड्या दिसतात का? दोन बीड्स शेजारी दिसले म्हणजे जोडी असं लगेच धरू नका, योगायोगानेही जवळ येतात. कव्हर स्लिपला पेन्सिलच्या टोकाने हलकंच टिचकी मारा. पाणी हलतं. खरी जोडी हातात हात घालून एकत्र गोल फिरते, योगायोगाची जोडी सुटते. असे दोनशे मोजा.

या जोड्या का छळतात? फोकस होताना लांबट कण गोल गोल फिरत असतो, आणि त्याच्यासाठी फिरतानाचा सगळ्यात मोठा व्यास धरावा लागतो. ६ मायक्रॉनच्या दोन बीड्सची जोडी १२ मायक्रॉन लांब असते. आपली सीमा १०.५. म्हणजे चिपच्या दृष्टीने ही जोडी 'मोठा कण' आहे आणि ती इमानेइतबारे मोठ्यांच्या रांगेत जाऊन बसते. चिप तिचं काम चोख करते, आपणच तिला चुकीचा माल दिलेला असतो. शंभरात पाच जोड्या असल्या तरी आतल्या आउटलेटमध्ये दहा बारके जादा आले.

जोड्या होतात त्या बहुतेक मिठामुळे. पॉलिस्टायरीनच्या बीड्सवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. पण मीठ असलं की त्या भाराचा पल्ला आखडतो. १ मिलिमोलर मिठात तो सुमारे १० नॅनोमीटर असतो, पीबीएसमध्ये एक नॅनोमीटरहून कमी, साधारण ०.८. एवढं जवळ आल्यावर व्हॅन डर वाल्सचं आकर्षण वरचढ ठरतं. डेर्यागिन-लांडाऊ आणि व्हेर्वे-ओव्हरबीक यांचा जुना सिद्धांत, १९४० च्या दशकातला, पण अजून रोज उपयोगी पडणारा. बीड्सवर कार्बोक्सिल गट असतील तर बफरमधलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आणखी घात करतं. कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं आणि त्याशिवायचं असं दोन्ही पीबीएस मिळतं. बाटलीवरचं लेबल वाचा.

उपाय साधे आहेत. ०.१ टक्का ट्वीन २० (साबणासारखं द्रव्य) घाला. बीड्स वापरण्याआधी व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात हलवा), मग एक-दोन मिनिटं सोनिकेटरच्या (ध्वनिलहरींनी गुठळ्या सोडवणाऱ्या) टबात धरा. पेशी असतील तर सोनिकेटरचं नावही काढू नका. तिथे २ मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं) आणि थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन). ट्वीन जास्त झालं तर फेस होतो, फेसातून बुडबुडे, आणि एक बुडबुडा आउटलेटच्या तोंडाशी बसला की सगळी सकाळ गेली.

सुरुवातीला बरं, मग वाईट (किंवा उलट)

वेळेप्रमाणे निकाल बदलत असेल तर नव्वद टक्के वेळा गुन्हेगार सिरिंजमध्ये असतो. ही टक्केवारी माझ्या चिडचिडीची आहे, मोजलेली नाही.

पॉलिस्टायरीनची घनता १.०५, पाण्याची १. फरक किरकोळ वाटतो, पण १५ मायक्रॉनचा बीड सेकंदाला सहा मायक्रॉन खाली जातो, म्हणजे तासाला सव्वादोन सेंटिमीटर. १० मिलीची सिरिंज आतून दीड सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. ती पंपावर आडवी पडून आहे, तुम्ही चहाला जाऊन आलात, तोवर बीड्स सिरिंजच्या पोटाशी थर करून बसलेले. वरचं पाणी चिपमध्ये जातं, रेषा सुंदर दिसते, भराव पाच टक्के. मग थर सरकतो आणि एकदम दाट लोंढा आत येतो. सरासरी काढली तर नमुना एक लाखाचाच असतो, पण चिपला सरासरी माहीत नसते, तिला त्या क्षणी आलेली गर्दी सोसावी लागते. सिरिंज तोंड खाली करून उभी लावली तर उलट होतं: सुरुवातीलाच लोंढा, नंतर रिकामं पाणी.

सिरिंजमध्ये छोटा चुंबकी स्टरर टाकून बाहेरून चुंबक फिरवत राहा. आमच्याकडे हेच चालतं. ग्लिसरॉल घालून घनता जुळवायचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. वीस-बावीस टक्के ग्लिसरॉलने घनता १.०५ होते, बीड तरंगत राहतो, हे खरं. पण चिकटपणा पावणेदोन ते दोन पट होतो, रेनॉल्ड्स अंक तेवढाच खाली येतो, आणि मग फोकसच होत नाही. ते परत आणायला वेग वाढवायचा, वेगाने दाब वाढतो, दाबाने पीडीएमएस फुगतं. रोगापेक्षा औषध जड.

आउटलेटचं वजन करा

ही चाचणी फारसं कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. दोन्ही आउटलेटच्या रिकाम्या ट्यूब वजन करून ठेवा. दहा मिनिटं चालवा, परत वजन करा. आमच्या चिपमध्ये आत-बाहेर २०:८० यायला हवं. १५:८५ आलं तर आतल्या वाटेत काहीतरी अडकलंय. मग कण नीट फोकस झाले तरी पाण्याची विभागणीची रेघच सरकलेली असते आणि मोठे बीड्स बाहेरच्या वाटेने निघून जातात.

अडकणं हा कण आणि भिंत यांच्यातला मामला. एक कण भिंतीला चिकटतो, दुसरा त्याच्या आडोशाला थांबतो, हळूहळू पूल तयार होतो. वाईस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलेली गोष्ट मला फार पटते: चॅनेल कधी बुजेल ते वेगावर किंवा दाटपणावर फारसं ठरत नाही, किती कण त्यातून गेले यावर ठरतं. म्हणजे पातळ करून चिपचं आयुष्य मिनिटांमध्ये वाढतं, पण तेवढेच कण पार केल्यावर ती बुजणारच. म्हणून भिंतीची सोय आधी करा. चालवण्यापूर्वी १ टक्का प्लुरॉनिक एफ-१२७ (भिंतीवर थर देऊन कण चिकटू न देणारं द्रव्य) भरून अर्धा ते एक तास ठेवा. रक्ताचं काम असेल तर वरून १ टक्का बीएसए. नमुना ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्या. हा कंटाळवाणा भाग आहे आणि सगळे तोच टाळतात.

रक्त असेल तर

बीड्सवर जमलं की प्रत्येकाला रक्त घालायची घाई होते. इथे आकडेच वेगळे आहेत. रक्तात मिलीला सुमारे ५०० कोटी लाल पेशी. न पातळ केलेल्या रक्तात दोन पेशींच्या केंद्रांमधलं सरासरी अंतर सहा मायक्रॉनहून कमी, आणि पेशी स्वतः आठ मायक्रॉन रुंद. तिथे एकट्या कणाचं सूत्र लावणं म्हणजे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत सरळ रेषेत चालायचा बेत करणं. वीस पट पातळ केलं तर अंतर १६ मायक्रॉन, शंभर पट केलं तर २७.

लाल पेशी स्वतः फोकस होत नाहीत, पण फिरता फिरता फोकस झालेल्या मोठ्या पेशींना धक्के देतात. वेगळ्या थरांतल्या दोन पेशींचा वेग वेगळा असतो, मागची पुढचीला गाठते, वरून किंवा बाजूने पार होते आणि जाताना तिला जागेवरून हलवते. मंद प्रवाहात दोन गुळगुळीत गोळे पार झाल्यावर आपापल्या रेषेवर परत येतात. तिसरा आला, किंवा वेग आमच्यासारखा असला, की परत येत नाहीत. असे लाखो धक्के बसले की रेषेचा पट्टा होतो. दाटपणा वाढला की तो वाढतो, कणाचा व्यास वाढला की त्याच्या वर्गाने वाढतो, आणि वेग वाढवूनही तो जात नाही, कारण धक्केही वेगाबरोबर वाढतात. म्हणून "पंप जरा वाढवून बघू" हा प्रयोग दाट रक्तात फसतो.

मग पातळ करावं तर वेळ. साडेसात मिली रक्त वीस पट केलं की १५० मिली, आमच्या वेगाने १०० मिनिटं. शंभर पट केलं की ७५० मिली, आठ तास वीस मिनिटं. तेवढ्या वेळात पेशी मरायला लागतात, मेलेल्या पेशींमधून डीएनए बाहेर येतो, तो चिकट दोऱ्यांसारखा बाकीच्यांना गुंडाळतो, आणि गर्दी टाळायला केलेल्या उपायातून गुठळ्या मिळतात. शक्य असेल तर अमोनियम क्लोराइडने लाल पेशी आधी फोडून टाका. मिलीला ४० लाख ते एक कोटी दहा लाख पांढऱ्या पेशी उरतात, त्यांच्यासाठी रांगेचा भराव काढून तेवढंच पातळ करा. फोडल्यावर नमुना दोऱ्यासारखा ताणला जातोय असं पिपेटच्या टोकाला जाणवलं तर डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घाला. पण डीएनेजला मॅग्नेशियम लागतं, ईडीटीए ते पळवतं. दोन्ही एकत्र घालून "एन्झाइम खराब आलंय" म्हणू नका. रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून घेतलं असेल तर त्यात ईडीटीए आधीच आहे.

खांबांच्या तिरक्या रांगांनी मोठे कण बाजूला सारणाऱ्या डीएलडी चिपचंही दुखणं याच घराण्यातलं, फक्त तिथे ते पहिल्या काही रांगांमध्येच दिसतं. खांबांमधली फट १० मायक्रॉन आणि रांगेचा तिरकसपणा ०.१ असेल तर डेव्हिस यांच्या सूत्राने सीमा ४.६ मायक्रॉन येते. फटीत दोन पेशी अडकल्या की फट लहान, सीमा लहान, आणि जे सरळ जायला हवेत ते तिरके जायला लागतात. चुंबकी बीड्स वापरणाऱ्यांना आणखी एक: चुंबक लावला की बीड्स एकमेकांना टोकाला टोक चिकटून माळा करतात, आणि माळ एकट्या बीडपेक्षा कितीतरी वेगाने ओढली जाते. हा दोष वाटला तरी कधी कधी सोयीचाच असतो.

परत आमच्या विद्यार्थिनीकडे. नमुना एक लाखावर आणला, ट्वीन घातलं, सिरिंजमध्ये स्टरर टाकला. चौथ्या चिपमध्ये रेषा दुपारी परत आली. वेळ वाचवायचा तिचा मूळ प्रश्न शिल्लक होताच, तर तीन लाखावर चालवून पाहायला सांगितलं. भराव ३४ टक्के, पट्टा किंचित रुंद, पण आतल्या आउटलेटच्या आत मावणारा. तिला तेवढं पुरेसं होतं.

मग डब्यात टाकलेल्या तीन चिप बाहेर काढल्या, धुतल्या, वजनाची चाचणी केली. दोन ठणठणीत निघाल्या. तिसरीचं बॉन्डिंग (थरांची जोडणी) खरंच सुटलं होतं.